दहापैकी नऊ

कांचन गोमकाळेला अपार्टमेंटमधल्या बायका 'शीटवाली ताई' म्हणत, आणि हे नाव तिला मनापासून आवडायचं. त्याआधी सहा वर्षं ती तिथे नुसती 'सुमंतची मिसेस' होती, मग 'ऋताची मम्मी' झाली. नागपूरला असताना एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. तिच्या तासाला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही उघडून बसत. लग्न करून डॅलसजवळ आली ती सुमंतच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आणि त्यावर नोकरी करता येत नव्हती. सुमंतची ग्रीनकार्डाची रांग कधी हलायची तेव्हा हलणार होती. तोवर भाजीपाल्यासाठी अर्विंगला जायचं, पार्किंगमध्ये गाडी वळवताना सुमंतच्या सूचना ऐकायच्या आणि दुपारभर घरात बसायचं.

ऋता पाच वर्षांची झाली आणि शाळेचा प्रश्न आला. घरापासून चालत आठ मिनिटांवर सरकारी शाळा होती. लाल विटांची, बैठी, मागे मोठं मैदान. कांचनने एका वेबसाइटवर शाळेचं नाव घातलं. ही वेबसाइट प्रत्येक शाळेला दहापैकी मार्क द्यायची. त्या शाळेला होते तीन.

"तीन!" ती सुमंतला म्हणाली. "अरे, आपल्या घरात साठ टक्क्यांच्या खाली कोणी पाहिलं नाही."

"मग दुसरीकडे बघ ना," सुमंत म्हणाला. "तुझाच विषय आहे तो."

तुझाच विषय आहे, हे वाक्य तिला कित्येक वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. ती कामाला लागली. राज्याच्या परीक्षेचे पाच वर्षांचे निकाल एका एक्सेल शीटमध्ये उतरवून घेतले. वीस मैलांच्या आतल्या एकेचाळीस शाळा, त्यांचे वाचनाचे मार्क, गणिताचे मार्क, इयत्तेप्रमाणे. चांगल्या शाळा हिरव्या, मधल्या पिवळ्या, खालच्या लाल. सर्वांत वर, गडद हिरव्या रंगात, तीन मैलांवरची एक चार्टर शाळा होती. दहापैकी नऊ. चार्टर म्हणजे चालते सरकारच्याच पैशावर, फी नाही, पण कारभार खासगी संस्थेचा. प्रवेश सोडतीने. चिठ्ठी निघाली तर आत.

शीट तिने पहिल्यांदा पाठवली ती सलोनीला. सलोनी मूळची डोंबिवलीची, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायची, तिचा कबीर ऋताच्याच वयाचा. सलोनीने ती अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि दोन दिवसांत कांचनचा फोन वाजू लागला. तेलुगू बायका, गुजराती बायका, एक कोरियन आई. कांचन एकेकीला घरी बोलवून चहा करायची, लॅपटॉप उघडायची आणि समजावून सांगायची. बोलता बोलता तिचा आवाज वर्गातल्यासारखा व्हायचा. "हे बघा, सरासरी पाहायची नाही, पाच वर्षांचा कल पाहायचा." बायका माना डोलवायच्या. अशा दुपारी कांचनला आपण पुन्हा कोणीतरी आहोत असं वाटायचं.

दर वर्षी ती ऋताचा अर्ज चार्टरच्या सोडतीत टाकायची आणि दर वर्षी चिठ्ठी निघायची नाही. म्हणून ऋता लाल विटांच्या शाळेतच जात राहिली. मनाविरुद्ध, आईच्या मनाविरुद्ध. पोरीचं काही म्हणणं नव्हतं. ती उड्या मारत जायची आणि उड्या मारत यायची.

दुसरीत तिला मिस ओर्टेगा नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात कायम पळायचे बूट. दुपारच्या जेवणानंतर त्या ऋताला शेजारी घेऊन वीस मिनिटं वाचायला बसायच्या. रोज. ऋता घरी येऊन चित्रं काढायची. बेडकाचं लग्न, बेडकाचं हॉटेल. आणि खाली वेडीवाकडी अक्षरं, काही उलटी, काही गाळलेली. कांचन ती पाहून हसायची. लहान आहे, येईल.

फेब्रुवारीत बाईंनी भेटायला बोलावलं.

"ऋता फार हुशार आहे," त्या म्हणाल्या. "गोष्ट ऐकली की अख्खी परत सांगते. पण वाचताना ती शब्द वाचत नाही, चित्र पाहून ओळखते. चित्र झाकलं की अडते. मला वाटतं, तिची वाचनाची नीट तपासणी करून घ्यावी. शाळाच करते. तुमची सही लागेल."

त्यांनी एक फॉर्म पुढे केला. कांचनने तो पर्समध्ये ठेवला. तिचे कान गरम झाले होते.

घरी सुमंतने फॉर्म वाचला आणि टेबलावर टाकला. "लेबल लावतात यार हे लोक. एकदा नावापुढे लागलं की कॉलेजपर्यंत पिच्छा सोडत नाही."

"त्यांना शिकवता येत नाही," कांचन म्हणाली, "म्हणून पोरीत खोट काढतात. तीन मार्कांची शाळा. आणखी काय करणार?"

फॉर्म स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये गेला, बॅटऱ्या आणि कूपनांच्या खाली. बाईंनी मार्चमध्ये आठवण केली. कांचन म्हणाली, "पाठवते." एप्रिलमध्ये बाईंनी दुसरी प्रत पाठवली. तोवर सोडतीचा ईमेल येऊन गेला होता. ऋताची चिठ्ठी निघाली होती. कबीरचीही.

त्या वर्षी चार्टरने एक तुकडी वाढवली होती, त्यामुळे अपार्टमेंटमधल्या बऱ्याच जणांना जागा मिळाली. आधीच्या वर्षी गेलेले धरले तर एकोणीस घरं. सगळी कांचनची शीट पाहून अर्ज केलेली. सलोनीने केक आणला. कोणीतरी कांचनच्या हातात सुरी दिली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यात ती ऋताचं नाव काढायला शाळेत गेली, तेव्हा मिस ओर्टेगा ऑफिसच्या दारातच भेटल्या.

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "एकदा वर्गात येऊन बसाल का? एक तासच. तुम्ही कधी बसला नाहीत."

"तुमच्याबद्दल काही नाही," कांचन घाईने म्हणाली. "पण शाळेचे स्कोअर्स..."

"इथे निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. ऑगस्टमध्ये येतात तेव्हा माझं नाव विचारता येत नाही त्यांना. मेमध्ये पुस्तक वाचतात. पण परीक्षेत ती इतरांपेक्षा मागेच दिसतात." मग त्या म्हणाल्या, "तो फॉर्म मात्र नव्या शाळेला जरूर द्या. ऋताला पुढे त्रास होईल. आत्ता सुरू केलं तर सोपं आहे."

"नक्की," कांचन म्हणाली. वर्गात ती जाऊन बसली नाही, आणि फॉर्मही दिला नाही. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी पोरीची उणी बाजू कशाला दाखवायची?

चार्टर शाळेत निळा गणवेश होता. मुलं रांगेत, हात मागे बांधून, आवाज न करता चालायची. भिंतींवर मोठमोठ्या कॉलेजांची निशाणं होती. पहिल्या आठवड्यात कांचनचा ऊर भरून आला. हे पाहा, ह्याला शाळा म्हणतात. तिने नागपूरला आईला फोटो पाठवले.

दर शुक्रवारी चाचणी असायची. वर्गाच्या मागच्या भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नंबराचा एक गोल होता. हिरवा, पिवळा किंवा लाल. नाव नाही, फक्त नंबर. पण कोणाचा नंबर कुठला, हे तिसरीच्या मुलांना पाठ होतं. पालकसभेत कांचन त्या भिंतीसमोर उभी राहिली. हिरवा, पिवळा, लाल. आपण शीटला दिलेले हेच तीन रंग. ऋताचा नंबर चौदा. चौदावर लाल गोल होता.

"सुरुवातीला होतं असं," वर्गाची तरुण बाई म्हणाली. "घरी थोडा जास्त सराव घ्या."

कांचन शिक्षिका होती. सराव घेणं तिला येत होतं. शाळेतून आलं की हातपाय धुवायचे, दूध प्यायचं आणि टेबलाशी बसायचं. ऋता ओळीवर बोट ठेवायची. पहिला शब्द, दुसरा, तिसऱ्याला अडायची. कांचन सांगायची. पुढच्या ओळीत तोच शब्द आला की ऋता पुन्हा अडायची, जणू आयुष्यात कधी पाहिला नाही.

"आत्ताच सांगितला ना, बेटा?"

"आय डोन्ट नो, आई."

"आत्ता! ह्या ओळीत!"

ऑक्टोबरमध्ये ऋताचं सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. चित्रं काढायची तिने सोडली. एकदा गाडीत मागच्या सीटवरून तिने विचारलं, "आई, डू यू नो व्हॉट आय ॲम?"

"काय?"

"आय ॲम अ रेड." हे तिने अगदी सहज सांगितलं, जसं एखादं मूल आपली रास सांगतं. "कबीर इज अ ग्रीन. आय ॲम अ रेड."

कांचनने आरशातून मागे पाहिलं. ऋता खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. टेबलाशी सव्वा तास झाला होता. एकच परिच्छेद. ऋताने 'बिकॉज' हा शब्द चौथ्यांदा अडखळून चुकवला आणि कांचनचा हात उठला. गालावर बसला. आवाज मोठा आला. कांचन स्वतःच दचकली. पोर रडली नाही. तिने जीभ गालाच्या आतून फिरवली, बोट पुन्हा ओळीवर ठेवलं आणि पुढचा शब्द चुकीचा वाचला. रडली असती तर कांचनला तिला जवळ घेता आलं असतं.

नोव्हेंबरात अपार्टमेंटच्या ग्रुपवर एक निरोप आला. जुन्या लाल विटांच्या शाळेतल्या कोणा आईने पाठवलेला. दोन वर्षांत दीडशे मुलं कमी झाल्यामुळे शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आहे, जानेवारीत मतदान होईल, कृपया विनंतीपत्रावर सह्या करा. कांचनने वाचलं. सही करायला अंगठा पुढेही नेला. मग वाटलं, आपण तर पोरीला काढून घेतलं. आता कोणत्या तोंडाने सही करायची? तिने निरोप वर सरकवला. ग्रुपवर कोणी काहीच लिहिलं नाही. खाली सलोनीने गणिताच्या क्लासची जाहिरात टाकली आणि त्यावर गप्पा सुरू झाल्या.

जानेवारीत मतदान झालं. मेअखेरीस शाळा बंद.

आणि जानेवारीच्याच शेवटी चार्टर शाळेने कांचन आणि सुमंतला बोलावलं. समोर बसलेल्या बाई हसतमुख होत्या. त्यांच्यापुढे ऋताची फाइल होती.

"ऋता खूप गोड मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला फक्त तिच्या भल्याचा विचार करायचा आहे. आमची गती प्रत्येकाला झेपते असं नाही. ही शाळा तिच्यासाठी योग्य आहे का, यावर तुम्ही शांतपणे विचार करावा."

"म्हणजे?" सुमंतने विचारलं.

"राहायचं असेल तर तिला तिसरी पुन्हा करावी लागेल, बहुतेक. आणि एप्रिलच्या परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी पाचपर्यंत थांबावं लागेल, शनिवारीही यावं लागेल. लहान मुलीवर हे फार होतं, आमचा अनुभव आहे. काही घरं मग दुसरी शाळा पाहतात, जिथे तिच्यासारख्या मुलांसाठी जास्त सोयी असतात."

"वाचनाची तपासणी करता येईल का इथे?" कांचनने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मागणी करू शकता. पण या वर्षी वेळ कमी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कांचनने लॅपटॉप उघडला. राज्याच्या त्याच पानावर, जिथून तिने सगळे आकडे उतरवले होते, आणखी एक तक्ता होता. इयत्तावार पटसंख्या. तो तिने कधी उघडला नव्हता, मार्कांचा नाही म्हणून. तिने चार्टर शाळेचं नाव घातलं. तिसरीत शंभराला चार कमी. तीच मुलं पुढच्या वर्षी चौथीत, सत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी पाचवीत, अठ्ठेचाळीस. मागच्या तुकडीचंही तेच. त्याच्याही मागच्या तुकडीचं तेच. मुलं गळत होती आणि जितकी गळत होती तितके मार्क चढत होते.

नागपूरला पहिल्याच तासाला ती मुलांना विचारायची, नमुन्यातून कोण गळलं? जे उरलेत त्यांचीच सरासरी काढाल तर दवाखान्यातले सगळे पेशंट ठणठणीत दिसतील, कारण मेलेले मोजलेच नाहीत. मुलं हसायची. हे शिकवून तिने पगार घेतला होता. आणि इथे, स्वतःच्या पोरीच्या वेळेला, तिने शेजारचा तक्ता उघडला नाही.

ती सलोनीकडे गेली. तिला सगळं दाखवलं. सलोनीने लक्ष देऊन पाहिलं. बाई काही मूर्ख नव्हती.

"बाप रे," ती म्हणाली. मग, "पण कबीर तर ग्रीनमध्ये आहे ना यार. त्याला सूट झालंय. मी काय करू, सांग?"

कांचनने लॅपटॉप मिटला. ती कबीरची आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ऋताचं नाव काढण्याच्या कागदावर सही केली. 'कारण' या रकान्यात आधीच छापलेलं होतं: पालकांची इच्छा.

"आम्ही भांडू शकत होतो," गाडीत बसल्यावर सुमंत म्हणाला.

"कशासाठी? तिला तिथे ठेवायला?"

सुमंतने गाडी सुरू केली. त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा गेला आणि संध्याकाळी घरी आल्यावर ऋताशी खूप वेळ पत्ते खेळला. त्यालाही कळत नव्हतं काय करावं.

लाल विटांच्या शाळेच्या ऑफिसात तीच जुनी क्लार्क होती. तिने ऋताला ओळखलं, ड्रॉवरमधून गोळी काढून दिली. "या, या. जागाच जागा आहे आमच्याकडे," ती म्हणाली, आणि मग तिलाच ते बोलणं कसंतरी वाटलं.

"मिस ओर्टेगांचा वर्ग...?" कांचनने विचारलं.

"त्या नाताळात शाळा सोडून गेल्या. बंद करायचं घाटतंय कळल्यावर सगळेच दुसरी नोकरी शोधायला लागले. त्या ह्यूस्टनकडे बहिणीजवळ गेल्या. तिसरीला सध्या बदली शिक्षक आहेत."

क्लार्कने ऋताची जुनी फाइल कपाटातून काढली. वरच एक कागद होता. तपासणीचा तोच फॉर्म, तिसरी प्रत. बाईंनी आपल्या भागात सगळं भरलं होतं, बारीक अक्षरात, पानभर. ऋता कोणत्या अक्षरांना अडते, कशाने तिला मदत होते, कोणतं पुस्तक तिला आवडतं. खाली पालकांच्या सहीची जागा कोरी. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: आईशी पुन्हा बोलायचं.

कांचनने तिथेच उभ्या उभ्या सही केली.

क्लार्कने कागद पाहिला. "मी पाठवते हं. पण तुम्हाला खरं सांगते. तपासणीवाल्या बाई एकट्या, तीन शाळांच्या. आता शाळा बंद व्हायच्या घाईत नवीन मुलं कुठली घेतात त्या? पुढच्या वर्षी नव्या शाळेत होईल बहुधा."

उरलेले तीन महिने ऋता अर्ध्या रिकाम्या वर्गात बसली. बदली शिक्षक तीनदा बदलले. एकदा कांचन वर्गात जाऊन बसलीदेखील, कोणी बोलावलं नव्हतं तरी. मुलं संगणकावर काहीतरी करत होती आणि शिक्षक फळ्यापाशी खोकी भरत होते. ऋता मागच्या रांगेत, खांदे आत ओढून. पूर्वी तिच्याबरोबर असलेल्या मुलींनी आता दुसऱ्या मैत्रिणी केल्या होत्या.

एप्रिलमध्ये राज्याची परीक्षा झाली. ऋता नापास झाली. तिचे मार्क गेले त्या बंद होणाऱ्या शाळेच्या खात्यावर. उन्हाळ्यात निकाल लागले तेव्हा वेबसाइटवर लाल विटांच्या शाळेचे तीनाचे दोन झाले होते, आणि चार्टरचे नऊच्या नऊ.

एकोणीस घरांची सत्तावीस मुलं. कांचनने कितीदा मोजली. सत्तावीस मुलांनी शाळा बंद पडत नाही, दीडशे कमी झाली होती, इतरही कारणं असतील, हे तिला समजत होतं. समजून उपयोग होत नव्हता. शाळेच्या शेवटच्या दिवशी ती कुंपणापाशी उभी होती. मेक्सिकन आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे गाडी नव्हती. मुलं चालत यायची. आता त्यांना हायवेच्या पलीकडे जावं लागणार होतं. त्यांच्यापैकी एकीने, कोण जाणे का, कांचनलाही मिठी मारली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. कांचन तशीच ताठ उभी राहिली. तिला वाटलं, हिला सांगावं. काय सांगणार?

जूनमध्ये एक फोन आला. नेत्रा नावाची मुलगी, पुण्याहून नुकतीच आलेली, दोन बिल्डिंगा सोडून राहायची.

"ताई, तुमची ती शाळांची शीट आहे ना? कोणीतरी फॉरवर्ड केली. एकदम भारी आहे! फक्त नवीन वर्षाचे आकडे टाकाल का?"

कांचनने तिला घरी बोलावलं, चहा केला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गळणारी मुलं, लाल गोल, फॉर्म. थप्पडसुद्धा सांगितली. नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कांचनचा हात हातात घेतला.

"किती सोसलंत ताई," ती म्हणाली. मग कप बशीत ठेवत, जरा ओशाळून, "पण आमच्या नमनला वाचायला छान येतं. त्याच्यासाठी मग... नंबर एक तीच ना?"

त्या दिवशी कांचनने शीट पुसून टाकली. ग्रुपवर लिहिलं, कृपया कोणी वापरू नका, आकडे अपुरे आहेत. चार जणींनी होकाराचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. आठवड्याभरात शीट नव्या नावाने ग्रुपवर परत आली. कोणाकडे तरी प्रत होतीच. नव्या वर्षाचे आकडेही कोणीतरी भरले होते, अगदी नीट, तेच रंग ठेवून.

ऑगस्टपासून ऋता हायवेच्या पलीकडच्या शाळेत बसने जायला लागली. दोन शाळांची मुलं एकत्र केल्यामुळे वर्ग गच्च भरलेला. तपासणी ऑक्टोबरअखेर झाली. तपासणाऱ्या बाई दमलेल्या पण सरळ होत्या.

"डिस्लेक्सिया आहे," त्या म्हणाल्या. "चांगलाच. बुद्धी उत्तम आहे, त्यामुळे इतके दिवस अंदाजाने निभावलं. वाचन पहिलीच्या सुरुवातीला आहे."

"बरं होईल ना?"

"शिकता येईल. मेहनत जास्त लागेल. दुसरीत सुरू केलं असतं तर..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. "मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. चुकलं की ती प्रयत्नच करत नाही. डोळे मिटून घेते. तिने ठरवून टाकलंय की तिला येणार नाही."

आठवड्यातून दोनदा अर्धा तास, सहा मुलांच्या गटात. शाळेला एवढंच जमत होतं. पहिल्या महिन्यात शिकवणाऱ्या बाई दोनदा आजारी पडल्या. कांचन घरी आता टेबलाशी बसवत नव्हती. तिने तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले, वाळूत अक्षरं गिरवायची पेटी केली. ऋता समोर बसायची, सांगितलं तेवढं बोटाने गिरवायची आणि विचारायची, "कॅन आय गो नाऊ?" रागाने नाही. पाहुण्यांच्या घरी मुलं विचारतात तसं. कांचनने तिला जवळ ओढलं की ती यायची, अंग सैल सोडून उभी राहायची, आणि हात ढिला झाला की निघून जायची.

एका शनिवारी सकाळी नागपूरहून कांचनच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती. आईने मुद्दाम चष्मा लावला होता.

"पोरगी कुठे आहे? बोलाव तिला. बारीक दिसून राहिली होती मागच्या वेळी." ऋता येऊन स्क्रीनसमोर बसली. "काय गं चिमणे, आजीला काही वाचून नाही दाखवत? इंग्लिशमधलं दाखव. मला समजलं नाही तरी चालते. मी शेजारच्या काकूला पण बोलावून ठेवलं आहे."

मागे एक म्हातारा चेहरा हसत डोकावला.

ऋताने आईकडे पाहिलं. रडवेलं नाही, विनवणीचं नाही. तिने फक्त पाहिलं, आणि मग खुर्चीवरून उतरून आपल्या खोलीत गेली. दार लावलं. तेही हळूच.

"काय झालं?" आजीने विचारलं.

"तिला प्रोजेक्ट आहे शाळेचा," कांचन म्हणाली. "खूप अभ्यास असतो गं यांना."

"असू दे, असू दे. तू होतीस म्हणून एवढी चांगली शाळा शोधून काढली. मी सगळ्यांना सांगते." आई कॅमेऱ्याच्या जवळ आली, तिचं कपाळच दिसायला लागलं. "तिथेच जाते ना अजून?"

"हो," कांचन म्हणाली. "तिथेच."

आई मग घरातलं सांगत राहिली. पाणी दिवसाआड येतंय, शेजारच्या काकूंच्या मुलाने नवी गाडी घेतली, पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. कांचन 'हं' म्हणत राहिली. आतल्या खोलीतून कसलाच आवाज येत नव्हता.